आधी काटा लावा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय आणि राहून जातंय. आज मात्र बसलोच, कारण डोक्यातला राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरला की माझ्या हातून काही लिहून होत नाही हे मला ठाऊक आहे. तर आजचा विषय आहे गाडीतल्या पेट्रोलचं प्रेशर. हसू नका, पुढे वाचा.

मे महिना, दुपारचे दोन. आईला अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवून बाळापूरला परत येत होतो. वऱ्हाडातला मे वऱ्हाडातल्यांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, पारा ४५ ला टेकलेला असतो. व्याळ्याच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. हायवेवर, मागून ट्रकमागे ट्रक. आई मागच्या सीटवर, डोळ्यांत औषध घातलेलं, डोक्यावर ओला रुमाल. मला धीर यावा म्हणून "होईल रे सुरू" असं दर दोन मिनिटांनी म्हणत होती. वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी झालीही सुरू, जणू काही घडलंच नव्हतं.

ही तिसरी खेप होती. आणि तोवर मी साडेनऊ हजार रुपये घालवून बसलो होतो. पहिल्या गॅरेजात बोनेट उघडायच्या आधीच निदान झालं, "पंप गेला." पंप बदलला. आठ दिवसांनी गाडी पुन्हा बंद. मग प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले. पुन्हा बंद. दुसऱ्या गॅरेजात सांगितलं की आधीचा पंप डुप्लिकेट होता, म्हणून आणखी एक पंप. या सगळ्या काळात कोणीही, अगदी कोणीही, पेट्रोलचं प्रेशर मोजून पाहिलं नाही. माझं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

आता जरा गाडीच्या पोटात शिरू. जुन्या फियाट-अँबॅसिडरमध्ये कार्ब्युरेटर असायचा. त्याला पाव बारच्या आसपास प्रेशर पुरायचं. पंप इंजिनाजवळ बसून टाकीतलं पेट्रोल ओढून घ्यायचा, आणि उन्हाळ्यात नळीतच त्याची वाफ व्हायची. मग पंपावर ओलं फडकं टाकून झाडाखाली बसायचं. आमच्या काकांच्या गाडीत ते फडकं कायमचं असायचं. २००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि मारुती ८०० सारख्या साध्या गाडीतही इंजेक्शन आलं. पंप टाकीत गेला आणि ओढायच्या ऐवजी ढकलू लागला. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत इंजेक्टरला साधारण ३ बार प्रेशर लागतं, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. तरी आजही गाडी बंद पडली की जमलेल्या दहांतले सात जण "ऊन लागलं, वाफ झाली" म्हणतात. फडकं गेलं, पण सवय राहिली.

शेवटी भाऊजींनी बाळापुरातल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी पंपांची कर्मकथा सुरू केली तर त्यांनी हातानेच थांबवलं. "पह्यले मोजू देजा दादा, मंग काय बदलाचं ते पाहू."

त्यांनी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण तेच महत्त्वाचं आहे. आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवली, म्हणजे नळीतला दाब उतरला. (हे न करता नळी सोडली तर तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची पिचकारी उडते. घरी प्रयोग करू नका.) मग नळी आणि रेल यांच्यामध्ये टी घालून गेज जोडला, फ्यूज परत बसवला आणि चावी ऑन केली. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घूं असा आवाज आला आणि काटा ३ वर गेला. गाडी सुरू केली, काटा ३ वरच. बंद केली आणि दहा मिनिटं नुसतं पाहत बसले. काटा जागचा हलला नाही. म्हणजे रेग्युलेटर, पंपातला व्हॉल्व्ह, इंजेक्टर, कुठूनही गळती नाही. मग एसी लावून, थोडी रेस देऊन गाडी तशीच उभी ठेवली. आम्ही चहा प्यायलो. पंचविसाव्या मिनिटाला काटा उतरू लागला. अडीच, सव्वादोन, दोनच्या खाली गेला आणि गाडीने तेच आचके दिले.

माझ्या तोंडून निघालंच, "म्हणजे पंपच ना?"

चाचांनी मीटर काढला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपाच्या प्लगवर ९.६. अर्थिंग ठीक. मागे येत येत रिलेपाशी पोचले. रिलेत जाताना १३.७, बाहेर पडताना ९.९. रिले फोडून दाखवला तर आतले पॉइंट जळून काळे पडलेले. तापला की अडवायचा, थंड झाला की सोडायचा. "पंपाले पोटभर करंटच भेटून नाही राह्यला, तं तो बिचारा काय करीन?" म्हणाले. नवा रिले दोनशे चाळीस रुपये. काटा ३ वर गेला आणि तिथेच राहिला.

प्लगवर व्होल्टेज पूर्ण असतं आणि तरी काटा खाली असता, तर संशय पंप, टाकीतली जाळी, फिल्टर यांच्यावर गेला असता. गाडी बंद केल्यावर काटा भराभर पडला असता, तर गळती शोधायची. काटा शेवटपर्यंत ३ वर राहून गाडी बंद पडली असती, तर पेट्रोलच्या दाबाचा नाद सोडून दुसरीकडे बघायचं. म्हणजे एका गेजने निम्मे आरोपी घरी जातात. एवढं साधं आहे हे.

"पण हल्ली स्कॅनर लावतात की," असं कोणी म्हणेल. माझ्या गाडीलाही लावला होता, "कोड नाही" म्हणाले. माझ्यासारख्या जुन्या, साध्या इंजेक्शनच्या गाडीत रेलवर प्रेशरचा सेन्सर बहुधा नसतोच. स्कॅनर फार तर मिश्रण पातळ झाल्याचं सांगेल, काटा किती उतरला ते त्याला दिसतच नाही. तसंच आता इथेनॉलचं. २० टक्क्यांचं पेट्रोल आल्यापासून प्रत्येक आचक्याचं खापर त्याच्यावर फुटतं. असेलही काही गाड्यांत. इथेनॉल पाणी धरतं, पाणी जास्त झालं की थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि पंपाची जाळीही तळाशीच असते. पण मग काचेच्या बरणीत नमुना काढून थोडा वेळ ठेवा आणि डोळ्यांनी थर बघा. तेही कोणी करत नाही. नुसतं बोलतात.

आता जरा आपल्याकडे वळतो, कारण सगळा दोष गॅरेजवाल्यांच्या माथी मारणं खोटं होईल. चाचांनी तपासणीचे तीनशे घेतले. दोन तास गेले होते त्यांचे. भाऊजी तिथेच म्हणाले, "नुसतं पाह्याचे तीनशे?" आणि याच भाऊजींना पंपाचे चार हजार कधी खटकले नव्हते! भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, आणि तरी लिहितोय. डब्यातून काढलेली वस्तू हातात आली की आपल्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. डॉक्टरने सलाईन लावलं नाही तर "काही केलंच नाही" म्हणणारे आपणच. मोजण्याचे पैसे द्यायचे नसतील, तर मिस्त्री ते पंपाच्या किमतीतूनच काढणार. त्यालाही घर आहे.

आणि हे कुठे चाललंय, तर कापसाच्या मुलखात. सीसीआयच्या केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, १२ च्या वर गेला की गाडी परत. आपला माणूस तिथे मीटरमधल्या अर्ध्या टक्क्यासाठी भांडतो, काट्यावर डोळा ठेवून उभा राहतो. तोच माणूस गॅरेजात जाऊन कानाने केलेल्या निदानावर हजारोंची नोट मोजतो.

तर पुढच्या वेळी कोणी "पंप गेला" म्हणालं, की एकच विचारा, "काटा किती दाखवतो?" उत्तर आलं नाही तर चावी परत घ्या. आणि उत्तर आलं, तर त्या माणसाला त्याचे तीनशे हसत द्या.

आईची पुढची तारीख सोळाला आहे. त्याच गाडीने जाणार आहोत. तिने ओला रुमाल मात्र आताच काढून ठेवलाय.