ज्वारीतली ‘ती’ कोण होती?

झालं असं की, जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही हुरडा खायला गेलो. ‘आम्ही’ म्हणजे एका मैत्रिणीच्या ऑफिसातली सहा माणसं आणि मी. फ्रीलान्सर असण्याचा हा एक फायदा, कुणाच्याही ऑफिसच्या पिकनिकला घुसता येतं. सोलापूर हायवेवर भिगवणला अख्खी जनता फ्लेमिंगोंसाठी थांबते. आम्ही फक्त चहासाठी थांबलो आणि राशीनमार्गे कर्जतला निघालो. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण ज्यांच्या शेतावर गेलो त्या मावशींच्या तोंडी अजून नगरच आहे.

आगटी पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं गेली. गुळभेंडीचा कोवळा हुरडा, लसणाची चटणी, वर दही... डाएट गेलं खड्ड्यात!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक पक्षीवाला असतोच, तसा आमच्यातही होता. गळ्यात दुर्बीण, अंगात मातकट जॅकेट आणि हुरड्याकडे शून्य लक्ष. अचानक तो ओरडला, “भारीट!” समोरच्या ज्वारीतून दोन-तीनशे पाखरं एकदम उठली, हवेत पिवळी झाक मारून गेली आणि पुन्हा कणसांवर बसली.

“चिमण्या आहेत रे,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पुरणपोळीला पॅनकेक म्हटलं होतं.

तर, भारीट. दिसायला चिमणीसारखे, चोच दाणे फोडायला बनवलेली. जुन्या पुस्तकांत त्यांना फिंचच्याच कुटुंबात धरायचे, आता त्यांचं घर वेगळं मांडलंय. आपल्या ज्वारीत हिवाळ्यात उतरतात ते मुख्यतः दोन, काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा. पहिला आग्नेय युरोप, तुर्कस्तान, इराणकडून येतो, दुसरा कझाकस्तानच्या बाजूने, मध्य आशियातून. हजारो किलोमीटर उडून दोघं येतात कुठे, तर कर्जत-जामखेडच्या मालदांडीवर!

नर ओळखणं सोपं. एकाचं डोकं काळं, दुसऱ्याचं विटकरी, पोट दोघांचंही पिवळं. गोची आहे ती माद्यांची. दोघीही मातकट, शेपटीखाली पिवळसर, छातीवर ठळक रेघोट्या नाहीत. पुस्तकं सांगतात की काळ्या डोक्यावालीच्या पाठीवर आणि कमरेवर किंचित तांबूस छटा असते, लाल डोक्यावालीच्या कमरेवर किंचित हिरवट-पिवळी, शिवाय हिची चोच जराशी आखूड. किंचित, जराशी! शंभर फुटांवर, वाऱ्याने हलणाऱ्या कणसावर, तीन सेकंद बसलेल्या पाखराच्या बाबतीत या ‘किंचित’चं काय करायचं? त्यातून पहिल्याच हिवाळ्यातली पिल्लं असतील तर भले भले तज्ज्ञही हात टेकतात. आणि कॅस्पियन समुद्राच्या आसपास, जिथे दोघांचे मुलूख भिडतात, तिथे हे आपसात जोड्याही जमवतात. म्हणजे अर्धी इकडची, अर्धी तिकडची अशीही एखादी असू शकते.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी माझ्या कॅमेऱ्याच्या झूममध्ये बघितलं, एकीची कमर मला हिरवट वाटली आणि मी जाहीर करून टाकलं, “लाल डोक्याची मादी!” पक्षीवाला म्हणाला, “शुअर?” मी म्हटलं, “हंड्रेड पर्सेंट.” ई-बर्डवर माझं नवंकोरं अकाउंट होतं. लाल डोक्याचा भारीट, मादी, संख्या एक. ठोकली नोंद. केवढी धन्य वाटले म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी रेहेकुरीचं अभयारण्य केलं. १९८० साली काळविटांसाठी राखलेलं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं माळरान. काळवीट हा माझ्यासारख्यांसाठी बनवलेला प्राणी आहे. नर काळा-पांढरा, पिळदार शिंगांचा, मादी बदामी, बिनशिंगांची. विषय संपला. पण त्याच माळावर जमिनीवर तुरुतुरु पळणारे डोंबारी चंडोलही होते, जुन्या पुस्तकांतले ‘फिंच-लार्क’. नर राखाडी टोपीचा, पोटाकडून काळा. मादी? पुन्हा चिमणी! मी गुपचूप पाणी प्यायले.

दोन दिवसांनी मेल आला. ई-बर्डच्या नोंदी तपासणाऱ्या एका स्वयंसेवकाचा, अतिशय नम्र. ‘ही मादी लाल डोक्याचीच, हे कशावरून ठरवलंत? फोटो असल्यास जोडाल का?’

फोटो होता. मोठा करून बघितला. संध्याकाळचं तिरपं ऊन, चारी बाजूंनी ज्वारीची हिरवी पानं. कमर हिरवट दिसत होती खरी, पण तो रंग तिचा की ज्वारीचा? चोच कणसात बुडालेली. पुराव्याच्या नावाने शून्य. एरवी मी कॉपी लिहिताना एका आडनावासाठी तीन फोन करते. इथे मात्र फक्त वाटलं म्हणून छापून मोकळी झाले होते.

पक्षीवाल्याला फोन केला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, “डार्विनचंही हेच झालं होतं.” १८३५ मध्ये गालापागोस बेटांवर त्याने जी पाखरं गोळा केली, त्यांतली काही त्याला भलत्याच कुळातली वाटली, आणि कुठलं कुठल्या बेटावरचं हेही त्याने नीट लिहून ठेवलं नाही. पुढे १८३७ मध्ये लंडनला जॉन गूल्डने नमुने तपासून सांगितलं की बाबा रे, ही सगळी एकमेकांची जवळची भावंडं आहेत. डार्विनच्या रांगेत बसायला मिळालं म्हणून मी जरा सावरले.

मग त्याने उपाय सांगितला. त्या यादीत ‘काळ्या डोक्याचा/लाल डोक्याचा भारीट’ असा एक पर्याय आहे. मधे फक्त एक तिरकी रेघ. म्हणजे दोघांपैकी एक, कुठला ते सांगता येत नाही. मला आधी हे पळपुटेपणाचं वाटलं. पण विचार करा, कुकडीच्या पाण्यावर कर्जत-श्रीगोंद्यात ऊस उभा राहिलाय, कांदा आहे, ज्वारीचं शेत आता शोधावं लागतं. उद्या कुणाला बघायचं असेल की ज्वारी हटली तेव्हा दोघांपैकी कोण यायचं कमी झालं, तर तो याच नोंदी उघडणार. त्यात माझी हंड्रेड पर्सेंटवाली मादी बसलेली असणार. नोंद बदलली.

मार्चच्या सुरुवातीला पुन्हा गेले, या वेळी एकटी. ज्वारी काढणीला आलेली. आणि गंमत बघा, जानेवारीत ज्या नरांची डोकी मळकट तपकिरी होती, ती आता काळीकुळकुळीत! रंगवतं कोण? कुणीच नाही. नव्या पिसांची टोकं फिकट असतात, ती हिवाळाभरात झिजतात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. चेहरा नीट दिसायला लागतो तेव्हा यांची परतीची वेळ झालेली असते. विटकरी डोक्याचेही पाच-सहा दिसले, त्याच थव्यात. म्हणजे शेजारी कोण बसलंय यावरून मादी ओळखायची सोयही गेली.

मावशी माळ्यावर गोफण घेऊन बसल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ राखण. आम्ही हुरड्याचे पैसे मोजून गेलो, यांची मात्र फुकटात पंगत चाललेली.

“अजून त्याच पाखरांमागं हायेस व्हय गं पोरी?”

मी त्यांना सगळी भानगड सांगितली. तांबूस, हिरवट, किंचित, जराशी. इराण आणि कझाकस्तानसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, गोफणीत ढेकूळ भरलं, गरगर फिरवून सोडलं. अख्खा थवा भर्रकन उठला.

“दाणं दोघीबी सारखंच खात्यात,” त्या म्हणाल्या. “मोज आता, उडाल्यात तवर.”

मी दुर्बीण लावली. काळी डोकी चाळीस, विटकरी सहा. बाकी दीडेकशे, तिरकी रेघ.