नोटीस बंगळुरूच्या पेपरात, उधारी अडकली कागलात: दाव्याची मुदत चुकली की पैसे गेले

कंपनी कर्जात बुडते, प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली जातं आणि वर्षभराने बातमी येते की नवा मालक ठरतोय. त्यावेळी छोटे पुरवठादार, वाहतूकदार, जॉबवर्क करणारे निर्धास्त असतात. 'खातेवहीत आपलं नाव आहे, पैसे कुठं जातात?' हा हिशेब चुकीचा आहे. प्रकरण शेवटाला आलेलं असताना गप्प बसलेल्या धनकोची उधारीच कायद्याने संपू शकते. आणि सीमेपलीकडच्या धनकोच्या बाबतीत हे घडण्याची शक्यता जास्त.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेची रीत अशी. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, अर्ज दाखल करून घेतला की कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून जातो आणि अंतरिम व्यावसायिक नेमला जातो. वसुलीच्या दाव्यांना स्थगिती मिळते. नेमणुकीपासून तीन दिवसांत त्या व्यावसायिकाला जाहीर नोटीस काढावी लागते, आणि धनकोंना दावे द्यायला साधारण चौदा दिवस मिळतात. माल किंवा सेवा पुरवणाऱ्याने फॉर्म बी भरायचा, कामगाराने फॉर्म डी. सोबत बिलं, चलनं, बँकेचा उतारा. दावा हातोहात, टपालाने किंवा ईमेलने देता येतो.

चौदा दिवस हुकले तरी सगळं संपत नाही. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनुसार, प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवस किंवा खरेदीदारांकडून प्रस्ताव मागवण्याची तारीख, यांपैकी जे नंतर येईल तोवर दावा देता येतो. ९० दिवसांनंतर दिला तर उशिराचं कारण द्यावं लागतं. त्याहूनही उशिरा, पण धनको समितीच्या मतदानाच्या सात दिवस आधीपर्यंत आलेला दावा तपासून समितीपुढे ठेवायची तरतूद आहे. तो शेवटी धरायचा की नाही, ते न्यायाधिकरण ठरवतं. म्हणजे दार एकदम बंद होत नाही, पण दर टप्प्याला अरुंद होत जातं.

एकदा योजना मंजूर झाली की मात्र कुलूप लागतं. योजनेत नसलेले जुने दावे संपुष्टात येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात स्पष्ट केलं. सप्टेंबर २०२३ च्या आरपीएस इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात तर योजना न्यायाधिकरणाकडे मंजुरीला होती, तरी २८७ दिवस उशिरा आलेला दावा न्यायालयाने घेतला नाही. नोटीस पाहिली नाही, हा बचावही चालला नाही. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस म्हणजे सर्वांना कळलं, असं धरलं गेलं.

या कडकपणामागे कारण आहे. बुडालेली कंपनी घेणाऱ्याला एकूण देणं किती, हा आकडा पक्का हवा. सही झाल्यावर रोज नवा धनको दारात उभा राहिला तर अशी कंपनी कुणी घेणार नाही, कारखाना भंगारात जाईल आणि कामगार रस्त्यावर येतील.

पण 'सर्वांना कळलं' हे गृहीतक सीमाभागात अडखळतं. नियमानुसार नोटीस एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या वर्तमानपत्रात, कंपनीच्या नोंदणीकृत आणि मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी येते. कार्यालय बंगळुरूला असेल तर ती बहुधा कन्नड पेपरात. चिकोडीच्या खासगी कारखान्याला गाड्या लावणारा कागलचा वाहतूकदार तो पेपर वाचत नाही. हैदराबादच्या कंपनीला कास्टिंग देणाऱ्या कोल्हापूरच्या फाउंड्रीचं, किंवा वडोदऱ्याच्या कंपनीला माल देणाऱ्या नाशिकच्या पुरवठादाराचं तेच. प्रकरण कुठल्या खंडपीठापुढे चालणार, हेही कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावरून ठरतं, धनकोच्या गावावरून नाही.

यावर उपाय त्याच नियमात आहे. जिथे कंपनीचा मोठा व्यवहार चालतो, अशा इतर ठिकाणीही नोटीस द्यावी, असं नियम सांगतो, पण असं ठिकाण कोणतं, ते व्यावसायिकाच्या मतावर सोडलं आहे. ज्या कारखान्याचा ऊस, गाड्या आणि सुटे भाग सीमेपलीकडून येतात, त्याच्या बाबतीत मराठी वर्तमानपत्रातली नोटीस ही मेहेरबानी नव्हे, नियमाचा सरळ अर्थ आहे. व्यापारी आणि शेतकरी संघटनांनी ही मागणी नेमणूक झाल्याबरोबर लेखी करायला हवी. योजना मंजूर झाल्यावर ओरडून उपयोग नाही.

तोवर सावधगिरी धनकोनेच घ्यायची आहे. कंपनीने पैसे थकवायला सुरुवात केली की दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या, संकेतस्थळावर जाहीर नोटिसांच्या यादीत तिचं नाव अधूनमधून पाहावं. दाव्याची पोच जपून ठेवावी. सहकारी संस्थांचा मार्ग मात्र वेगळा, तिथे त्या-त्या सहकार कायद्याची प्रक्रिया चालते.

दावा दिला म्हणजे पूर्ण पैसे मिळतात असं नाही. बँकांचा वाटा आधी निघतो आणि पुरवठादाराच्या हाती अनेकदा थोडंच पडतं. पण यादीत नाव असेल तर निदान वाट्याचा हक्क राहतो. नाव नसेल तर वहीतली उधारी वहीतच राहते.