टेलिफोटो लेन्स घ्यावी काय?

आमच्या माण गावातील एका शाळेच्या निसर्गमंडळापुढे सध्या एक प्रश्न पडला आहे. मंडळाकडे एक साधा डिजिटल कॅमेरा आहे आणि त्याला २०० मि.मी.पर्यंत जाणारी झूम लेन्स आहे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणगीतून ऐंशी हजार रुपये जमले आहेत. त्यात १५० ते ६०० मि.मी.ची नवी टेलिफोटो लेन्स घ्यावी, असे मुलांचे म्हणणे आहे. शिक्षकांचे दोन तट पडले आणि ‘तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता, तुम्हीच सांगा’ म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. तुमच्याही शाळेत आज ना उद्या असा प्रश्न निघेल. कॅमेऱ्याचा नसला तर दुर्बिणीचा निघेल. म्हणून माझे मत आणि त्यामागचा हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम ही लेन्स असते तरी काय, ते पाहू. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगाच्या नाभीपाशी पडते आणि नाभीय अंतर जितके अधिक तितकी ती मोठी पडते. चंद्राचे उदाहरण घ्या. त्याचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे ११० पट आहे. म्हणून चंद्राच्या प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या ११०व्या भागाइतका असतो. २०० मि.मी.च्या लेन्सने चंद्र जेमतेम १.८ मि.मी.चा येतो, तर ६०० मि.मी.च्या लेन्सने साडेपाच मि.मी.चा. मग एकच बहिर्वक्र भिंग घेऊन ६०० मि.मी. लांब नळी का करू नये? करता येईल, पण ती गळ्यात अडकवून हिंडणार कोण?

यावरील युक्ती फार जुनी आहे. बहिर्वक्र भिंगातून येणारे किरण नाभीपाशी मिळण्याआधीच वाटेत अंतर्वक्र भिंग ठेवावे, म्हणजे ते थोडे उशिरा मिळतात आणि प्रतिमा मोठी होते. केप्लरने १६११ साली आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात ही रचना सांगितली होती. कॅमेऱ्यासाठी ती प्रत्यक्षात येण्यास मात्र १८९१ साल उजाडले; इंग्लंडमधील डॉलमायर हे त्या वर्षीच्या कर्त्यांपैकी एक. तुम्ही हे शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहू शकता. २० से.मी. नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग घ्या आणि त्याच्या मागे १४ से.मी.वर १० से.मी.चे अंतर्वक्र भिंग ठेवा. आता खिडकीबाहेरच्या दूरच्या इमारतीची प्रतिमा अंतर्वक्र भिंगामागे १५ से.मी.वर कागदावर मिळेल आणि ती पहिल्या भिंगाने एकट्याने दिलेल्या प्रतिमेच्या अडीचपट असेल. म्हणजे ५० से.मी. नाभीय अंतराचे काम २९ से.मी. लांबीत झाले. भिंगाचे सूत्र पाठ असेल त्यांनी हे आकडे पडताळून पाहावेत. बाजारातील लेन्समध्ये दोनाऐवजी पंधरा-वीस भिंगे असतात. ती मुख्यतः रंगांची फाकणी आणि कडांचे दोष काढण्यासाठी. तत्त्व हेच.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ‘सहाशेची लेन्स म्हणजे तिप्पट जवळ’ असे दुकानदार सांगतो. प्रतिमेच्या आकाराबद्दल ते अगदी खरे आहे. पण आपल्याला हवा असतो तपशील. मोठी प्रतिमा आणि तपशीलवार प्रतिमा या दोन गोष्टी एक नव्हेत. रबरावर छापलेले चित्र ताणले तर ते मोठे होते, पण त्यात नवे काही दिसत नाही.

माण हे हिंजवडीला लागून असलेले मुळशी तालुक्यातील गाव. माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या काचेच्या इमारती, बांधकामावरच्या क्रेन आणि त्यांच्या अधेमधे उरलेली शेते व पडीक माळ, असे आजचे दृश्य आहे. अशा मोकळ्या जागी तारेवर किंवा खांबावर बसणारी कापशी घार तुम्ही पाहिली असेल. पांढुरकी, खांद्यावर काळा पट्टा असलेली आणि डोळे लाल. तिची लांबी सुमारे ३० से.मी. धरू आणि ती आपल्यापासून ४० मीटरवर आहे असे मानू. तिच्या फोटोत बारीकात बारीक किती आकाराची खूण उमटेल? हे मी प्रतिमेवर न मोजता थेट पक्ष्याच्या अंगावर मिलिमीटरमध्ये मोजणार आहे, कारण त्यामुळे सगळ्या अडथळ्यांना एकच माप लावता येते.

पहिला अडथळा कॅमेऱ्याच्या संवेदकावरील ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलांचा. अशा कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ४ मायक्रोमीटरचा असतो. २०० मि.मी.च्या लेन्सने घारीच्या अंगावरचे ०.८ मि.मी. एका पिक्सेलात मावतात, ६०० मि.मी.च्या लेन्सने ०.२७ मि.मी. येथे नवी लेन्स सरळ तिप्पट सरस ठरते.

दुसरा अडथळा प्रकाशाच्या स्वभावातच आहे. छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते आणि बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती बनते. छिद्र जितके मोठे तितकी चकती लहान. जुन्या लेन्सचे छिद्र (एफ/५.६ म्हणजे २०० भागिले ५.६) सुमारे ३६ मि.मी.चे आहे, नवीचे एफ/६.३ने ९५ मि.मी.चे. हिशेब केला तर घारीच्या अंगावर जुनीची मर्यादा सुमारे ०.७५ मि.मी. आणि नवीची ०.२८ मि.मी. येते. येथेही नवीच सरस. जाता जाता एक गंमत सांगतो. कोनात मोजले तर या मर्यादा सुमारे चार विकला आणि दीड विकला एवढ्या होतात (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). आपल्याच जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सुमारे २५ कि.मी.च्या पसाऱ्यात मांडलेल्या आहेत. २१ से.मी. तरंगलांबीच्या रेडिओलहरींत तिला दिसणारा बारकावा सुमारे दोन विकलांचा! तरंगलांबी लाखो पटींनी मोठी, म्हणून ‘छिद्र’ही तसेच मोठे लागले. तळहातावर मावणारे भिंग आणि पंचवीस किलोमीटरची दुर्बीण एका पंगतीत बसतात, ती अशी.

तिसरा अडथळा आपल्या हातांचा. शाळेच्या सभागृहात एक प्रयोग करा. कॅमेऱ्याला रबरबँडने लेझर पॉइंटर बांधा, दहा मीटरवरील भिंतीवर ठिपका पाडा आणि तो किती हलतो ते पाहा. (लेझर कोणाच्याही डोळ्यांकडे वा रस्त्यावरील वाहनांकडे वळवू नका, शिक्षक हजर असावेत.) समजा, ठिपका सेकंदात चार वेळा एक सेंटिमीटर इकडून तिकडे गेला आणि परत आला. म्हणजे दहा मीटरवर तो सेकंदाला ८ से.मी. धावला, घारीच्या अंतरावर ३२ से.मी. शटर एक शतांश सेकंद उघडे राहिले, तर घारीच्या अंगावर ३.२ मि.मी.चे फराटे उठले. येथे लेन्स २०० मि.मी.ची की ६०० मि.मी.ची, हा प्रश्नच येत नाही, हे ध्यानात घ्या. मोठी लेन्स घार तिप्पट करते आणि फराटाही तिप्पट करते. हल्लीच्या लेन्समध्ये थरथर शमविणारी यंत्रणा असते, ती पुष्कळ मदत करते हे कबूल. पण जुन्या लेन्समध्येही बहुधा ती असते; आणि सुमारे दोन किलोची नवी लेन्स नववीतल्या मुलाने पाच मिनिटे डोळ्याशी धरल्यावर मूळची थरथरच वाढते. शटरचा वेग वाढवावा, तर त्याला भरपूर प्रकाश लागतो. एफ/६.३ची लेन्स एफ/५.६पेक्षा संवेदकावर सुमारे एक पंचमांश कमी प्रकाश टाकते.

चौथा अडथळा हवेचा, आणि माणसारख्या गावात माझ्या मते तोच सर्वांत मोठा. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिचा अपवर्तनांक दहा लाखात सुमारे एका भागाने कमी होतो. फरक क्षुल्लक वाटतो. पण तापलेल्या डांबरावरून, काँक्रीटवरून आणि पत्र्यांवरून गरम हवेचे लोट उठत असतात व प्रत्येक लोट किरणांना किंचित वाकवतो. दुपारी रस्त्यापलीकडची भिंत पाण्याखाली असल्यासारखी हलताना तुम्ही पाहिलीच असेल. ही थरथर दहा विकलांची धरली, तर ४० मीटरवर ती सुमारे २ मि.मी. होते. म्हणजे दुपारी एक वाजता घारीच्या अंगावरील दोन मिलिमीटरपेक्षा बारीक खूण कोणत्याच लेन्सला दिसणार नाही. जुन्या लेन्सचा पिक्सेल ०.८ मि.मी. पाहू शकतो, नवीचा ०.२७, पण हवाच दोनपलीकडे जाऊ देत नसेल तर या दोघींत श्रेष्ठ कोण, हा वाद निरर्थक आहे.

चारही अडथळे शेजारी ठेवून पाहा. नव्या लेन्सने पहिले दोन कमी होतात, उरलेले दोन जसेच्या तसे राहतात. आणि जो सर्वांत मोठा असतो तोच फोटो ठरवतो. मंडळाचे गेल्या वर्षीचे फोटो मी पाहिले. त्यांतील बहुतेक शाळेच्या वेळेत, म्हणजे अकराच्या पुढे, उभ्याने हातात कॅमेरा धरून काढलेले आहेत. तेथे लाखाची लेन्स लावली तरी मोठा आणि तसाच मऊ फोटो मिळेल.

याउलट, ४० मीटरचे २० मीटर केले तर चारही अडथळे एकदम निम्मे होतात, तेही एक पैसा न खर्चता. ‘पण पक्षी उडून जातो ना!’ असे तुम्ही म्हणाल. चालत गेलात तर उडणारच. डॉ. सलीम अलींनी १९३०च्या सुमारास अलिबागजवळील किहीम येथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला, तो आडोसा करून, घरट्यांच्या जवळ तासन्‌तास बसून. एक नर एकामागून एक घरटी बांधतो आणि मादी आयते अर्धे घरटे पारखून घेते, हे त्यांनी अशा बसण्यातून टिपले. आडोशासाठी जुनी चादर, चार बांबू आणि गप्प बसण्याची तयारी लागते. यांतील शेवटची वस्तू मुलांकडे सर्वांत कमी असते, हे शिक्षक म्हणून मला ठाऊक आहे.

तरीही लेन्सची बाजू पोकळ नाही. जवळ जाणे प्रत्येक वेळी शक्य नसते आणि काही वेळा ते गैर असते. जमिनीवर घरटे करणाऱ्या टिटवीच्या जवळ गेलात, तर ती अंडी सोडून उठते आणि उन्हात अंडी तापतात. तेथे सलीम अलींइतका सराव नसलेल्यांनी दूरच राहावे. उजनी धरणाच्या पाण्यावर भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. होडी त्यांच्यात घुसवून थवा उडवणे हा छायाचित्रकाराचा पराक्रम नव्हे. अशा ठिकाणी पक्ष्याच्या सोयीसाठी अंतर राखायचे असते आणि ६०० मि.मी.ची लेन्स तेथे आपली किंमत वसूल करते, तीही सकाळच्या शांत हवेत. पण त्यासाठी वर्षातून एक-दोन दिवस लेन्स भाड्याने आणता येते. पुण्यात ती मिळते. आपली लेन्स शाळेच्या कपाटात ठेवली, तर मुळशीच्या पावसाळ्यात तिच्या भिंगांवर बुरशी चढण्याची भीती वेगळीच.

मला सर्वांत खटकणारी गोष्ट भौतिकशास्त्रातली नाही. मंडळात तीस मुले-मुली आहेत. लेन्स एक, कॅमेरा एक, आणि तो बहुधा एकाच हुशार मुलाच्या गळ्यात राहणार. बाकीची एकोणतीस त्याच्या पाठीशी उभी राहून ‘आला का, आला का’ विचारणार. याच पैशांत एक भक्कम तिपाई आणि ८×४२ मापाच्या पाच-सहा द्विनेत्री दुर्बिणी येतात. प्रत्येकाच्या डोळ्याला घार दिसेल. ती कोठे बसली, काय पकडले, किती वाजता, हे वहीत नोंदवता येईल. माणच्या माळावर पुढच्या पाच वर्षांत काय उरते, हे सांगताना अशा तारीखवार नोंदी कामी येतील. ओळख पटवण्यापुरता फोटो जुनी लेन्सही देते. ४० मीटरवरची घार तिच्यात सुमारे ३७५ पिक्सेल लांब येते आणि डोळ्याचा लाल ठिपका दहा-बारा पिक्सेलांचा. भिंतीवर लावायला तेवढा पुरणार नाही, हे खरे.

म्हणून माझे मत आज नव्या लेन्सच्या विरुद्ध आहे. पण माझ्या शब्दावर विसंबू नका. एका पांढऱ्या कागदावर अर्धा, एक, दोन आणि तीन मि.मी. जाडीच्या काळ्या रेघांचे गट काढा. रेघांमधील मोकळी जागा रेघेइतकीच ठेवा. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून मैदानाच्या टोकाला ४० मीटरवर लावा. जुन्या लेन्सने त्याचे फोटो सकाळी सातला आणि दुपारी एकला काढा. दोन्ही वेळी एकदा हातात धरून आणि एकदा तिपाईवर ठेवून. तिपाई नसेल तर टेबलावर वाळूची पिशवी चालेल. मग कोणत्या फोटोत कोणत्या गटापर्यंत रेघा सुट्या दिसतात, ते फळ्यावर मांडा. सकाळच्या, तिपाईवरच्या फोटोत एक मि.मी.च्या रेघा सुट्या दिसल्या आणि अर्ध्याच्या तेवढ्या मिसळल्या, तर जुन्या लेन्सचे सगळे सामर्थ्य तुम्ही वापरलेत. तसे फोटो वर्षभर काढून दाखवा, मग खरेदीच्या अर्जावर पहिली सही माझी.