जुळारी

पुस्तकाचे पहिले पान उलटले की मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मुद्रकाचे नाव दिसते. ते छापणे १८६७ सालच्या कायद्याने भाग पाडले होते. मजकूर सरकारला खटकला तर मान कोणाची धरायची हे ठाऊक असावे, एवढाच त्यातला हेतू. मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे नाव असते, लेखक उदार असला तर मुद्रिते तपासणाऱ्याचेही असते. पण ज्याने त्या पुस्तकातले एकेक अक्षर बोटांनी उचलून ओळीत बसवले, त्या जुळाऱ्याचे नाव कोठेच नसते. या पानावर मी वर्षभर शब्दांविषयी लिहिते. दिवाळीच्या अंकात एका जुळाऱ्याविषयी लिहावे असे फार दिवस मनात होते. हा जुळारी म्हणजे माझे आजोबा. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू.

अण्णा सातारा जिल्ह्यातले. चौथी झाली आणि वडील गेले. १९४१ साली, पंधराव्या वर्षी, गावच्या एका ओळखीवर ते पुण्यात आले आणि नारायण पेठेतल्या एका छापखान्यात चिकटले. पहिली दोन वर्षे त्यांना जुळणीला हात लावू दिला नाही. झाडलोट करायची, प्रुफे संपादकांच्या घरी पोचवायची आणि छापून झालेल्या मजकुराचे खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. ‘जुळवायला शिकायच्या आधी सोडवायला शिकलो,’ असे ते सांगत. ते खरेच होते. कोणता खिळा कोठे राहतो हे हाताला कळल्याशिवाय तो कोठून उचलायचा हे कळणार कसे?

आजच्या वाचकाला त्या कामाची कल्पना यायची नाही. इंग्रजीला दोन केसी पुरत. आपल्या देवनागरीला अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा, रफार, अनुस्वार यांचे शेकड्यांनी खण लागत. जुळारी या केसींच्या मधोमध उभा. डाव्या हातात स्टिक, समोर लेखकाचे हस्तलिखित, आणि उजवा हात न बघता खणांतून फिरतो आहे. अक्षरे खिळ्यावर उलटी असतात. ओळ डावीकडून उजवीकडेच लावायची, पण डोकी खाली ठेवून. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. ती अंगठ्याला लागली की खिळा सुलटा आहे असे समजायचे. डोळ्यांचे काम हस्तलिखितापुरतेच.

त्यामुळे अण्णांना उलटे वाचण्याची इतकी सवय जडली होती, की सकाळी वडील वर्तमानपत्र घेऊन बसले की अण्णा समोर बसून तेच पान पलीकडून वाचून काढीत. वडिलांनी पान उलटायला घेतले की म्हणत, ‘थांब रे, शेवटचा परिच्छेद राहिलाय.’

शिक्षण चौथी, पण मराठीतले कितीतरी चांगले वाङ्मय त्यांनी पुस्तक होण्याआधी वाचलेले होते. नामांकित लेखकांची अक्षरे त्यांना ठाऊक होती. कोणाचे मोत्यासारखे, कोणाचे मुंग्या चालल्यासारखे, कोण ‘श’ आणि ‘ष’ यांत दरवेळी गोंधळतो. मी मराठी घेऊन बी.ए.ला बसले तेव्हा ही गुपिते काढून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. अण्णा हसत आणि सुपारी कातरत राहत. ‘छापखान्यातली गोष्ट छापखान्यात,’ एवढेच उत्तर. ज्यांचे शुद्धलेखन त्यांनी मुकाट्याने सुधारले अशा एकाही थोर माणसाचे नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाही.

दिवाळी हा आमच्या घरी सण असा नव्हताच. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि महाराष्ट्राला फराळाबरोबर वाचायची गोडी लावली, हे मी वर्गात मोठ्या कौतुकाने शिकवते. आजीला त्या कौतुकात भाग घेता येत नसे. श्रावण लागला की अण्णांची जादा पाळी सुरू होई ती थेट दसऱ्यापर्यंत. सकाळी सातला सायकलवर टांग टाकलेले अण्णा रात्री अकराला परत येत. लेखक मजकूर उशिरा देत, संपादक आयत्या वेळी जाहिरात घुसवीत, आणि भरून काढायचा वेळ सगळा जुळाऱ्याच्या झोपेतून. त्या जादा पाळ्यांतून दोन धाकट्या बहिणींची लग्ने झाली आणि वडील इंजिनिअरिंगच्या पदविकेपर्यंत शिकले. वडिलांनी एकदा सुटीत छापखान्यात येतो म्हटले, तेव्हा अण्णांनी त्यांना दारातूनच परत पाठवले होते. खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे. ते शिसे नखांत शिरे, जेवणातून पोटात जाई. अण्णांच्या बरोबरीचे एकजण पोटशुळाने काम सोडून गावी गेले ते परत आलेच नाहीत. अण्णा स्वतः दुपारच्या डब्याआधी कोपरापर्यंत हात धूत आणि जेवणानंतर गुळाचा खडा खात. गुळाने शिसे उतरते असे त्यांना कोणी सांगितले होते, आणि तो खडा त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नाही.

१२ जुलै १९६१. पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी घुसले. आमचे बिऱ्हाड भवानी पेठेत, तेथे धोका नव्हता. छापखाना मात्र बुडाला. पाणी ओसरल्यावर अण्णा गेले तो केसींच्या घोड्या आडव्या पडलेल्या, खण निसटलेले, आणि सबंध खोलीभर गुडघ्याएवढा गाळ. त्या गाळात खिळे. बारा पॉइंट, सोळा पॉइंट, मथळ्याचे, तळटिपेचे, सगळे एका दिवसात एकमेकांत कालवले गेलेले.

मालकांनी नवा टाइप घेण्याचा हिशेब मांडून पाहिला आणि हात टेकले. मग अण्णा आणि आणखी तिघे कामाला लागले. घमेल्याने गाळ उपसायचा, चाळणीत पाणी ओतून खिळे धुवायचे, गोणपाटावर वाळत घालायचे आणि मग एकेक उचलून, उजेडाकडे धरून, ज्याचा त्याला खण द्यायचा. पावसाळी दिवस, दिव्यांची पंचाईत. हे दोन महिने चालले. जुळणी नाही म्हणून त्या दोन महिन्यांचा पगार निम्मा मिळाला. मजुरी जुळवलेल्या मजकुरावर होती, निवडलेल्या खिळ्यांवर नव्हती. आजीने मंगळसूत्राच्या दोन वाट्या तेवढ्या ठेवून बाकीचे सोने मोडले. त्या वर्षीचे दिवाळी अंक त्या छापखान्यातून वेळेवर बाहेर पडले. वाचकांना त्यात काही वेगळे दिसले नसणार.

सर्वांत छळले ते अनुस्वाराच्या खिळ्यांनी. मात्रा निराळी, अनुस्वार निराळा, आणि मात्रेसह अनुस्वार निराळा. ‘केलें’, ‘नाहीं’, ‘पुस्तकें’ यांच्या डोक्यावरचे ते ठिपके डोळ्यांत तेल घालून वेचले. आणि पुढच्याच वर्षी, १९६२ साली, साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम सरकारने मान्य केले. न उच्चारलेले अनुस्वार गेले. अण्णांनी वेचलेल्या कितीतरी खणांवर धूळ बसली. आम्ही प्राध्यापक मंडळी त्या नियमांवर अजून तावातावाने बोलतो. मी अण्णांना विचारले, ‘वाईट नाही वाटलं?’ ते म्हणाले, ‘वाईट कशाचं? ओळीमागे हात चार वेळा कमी जायला लागला.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘पण एका घरात आणि चार घरांत, हा फरक त्यांनी ठेवला ते बरं केलं.’ सामान्यरूपाच्या अनेकवचनी अनुस्वाराची इतकी आटोपशीर भलावण माझ्या वाचनात नाही.

ऑफसेट आले तसे खिळ्यांचे दिवस भरले. १९८५ साली मालकांच्या मुलाने टाइप मोडीत काढला. अण्णा एकोणसाठ वर्षांचे. हिशेब चुकता झाला, हारतुरे झाले. चव्वेचाळीस वर्षांच्या नोकरीला जेवढी रक्कम मिळाली तिचा आकडा वडील आजही उच्चारत नाहीत. खिळे किलोवर जायचे होते. भंगारवाला यायच्या आधी आठ दिवस अण्णा रोज जाऊन केसींतले खिळे मापामापाने वेगळे करून पोत्यांत भरत होते. मालकांचा मुलगा म्हणाला, ‘अण्णा, हे वितळवायलाच चाललंय.’ अण्णा म्हणाले, ‘असेल. पण आपल्याकडून मिसळून जायला नको.’

नंतर आठ-नऊ वर्षे त्यांनी गल्लीतल्या एका ट्रेडलवर लग्नपत्रिका जुळवल्या. मी त्यांचा डबा घेऊन जायची ती तेथे. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ ते सोडवीतच नसत, दोऱ्याने बांधून बाजूला ठेवीत. पुढच्या घरच्या कार्याला तीच.

२००३ साली एम.ए.साठी लिहिलेली प्रबंधिका मी संगणकावर स्वतः टंकून त्यांच्यापुढे ठेवली. डोळे अधू झाले होते. भिंग घेऊन त्यांनी ती तीन दिवस वाचली आणि समासात प्रुफाच्या खुणा करून परत दिली. एकवीस चुका. बावन्नाव्या पानावरची एक ओळ बोटाने दाखवून म्हणाले, ‘ही सैल पडलीय. शब्दांमधलं अंतर बघ.’ मी म्हटले, ‘अण्णा, ते यंत्रच करतं.’

‘मग यंत्राला सांग,’ ते म्हणाले.

त्याच वर्षी भाद्रपदात, ऐन हंगामात, अण्णा गेले. ती ओळ मी नीट करून घेतली होती. त्यासाठी आदल्या ओळीतला एक शब्द बदलावा लागला.