जनावराचे औषधपाणी हा खाजगी खर्च नव्हे

पशुपालकाने जवळचा पशुवैद्य आधीच पाहून ठेवावा, जनावरांच्या औषधपाण्यासाठी दरमहा काही रक्कम बाजूस टाकावी आणि विमा उतरवावा, असा उपदेश हल्ली सर्रास ऐकू येतो. उपदेश शहाणपणाचा दिसतो. परंतु तो कोणाला केला जातो हे पाहिले म्हणजे त्यातील निष्ठुरता उघड होते.

कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील अवर्षणग्रस्त तालुका. म्हैसाळ योजनेचे पाणी पोहोचले तेथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पण भूमिहीन मजुराची आणि कोरडवाहू शेतकऱ्याची ठेव आजही दावणीलाच बांधलेली असते. चार शेळ्या हीच त्यांची बँक. बाळंतपण असो की सावकाराचा तगादा, प्रत्येक अडचणीला एक शेळी बाजारात जाते. ज्याची सारी बचत शेळीच्याच रूपाने आहे, त्याने शेळीच्या आजारासाठी निराळी बचत करावी, हे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखेच आहे.

वैद्य शोधण्याची गोष्टही तशीच. वाडीवर एक शेळी पाहावयाची असो की गोठ्यातील दहा संकरित गायी, वैद्याला येण्याजाण्याचा खर्च तेवढाच पडतो. म्हणून खाजगी सेवा गोठ्याकडे धावते आणि शेळीकडे पाठ फिरवते. यात कोणा डॉक्टरचा दुष्टपणा नाही. बाजाराचा तो स्वभावच आहे. उपचाराचा खर्च शेळीच्या किमतीला भिडू लागला की मालक डॉक्टरऐवजी व्यापाऱ्याला बोलावतो आणि जनावर मातीमोलाने विकतो.

2024 मध्ये केंद्र सरकारने पशुविम्याच्या हप्त्यातील लाभार्थ्याचा वाटा 15 टक्क्यांवर आणला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु हा विमा जनावर मेल्यावर भरपाई देतो. ते जगविण्यासाठी औषध देत नाही. शिवाय विमा उतरविताना आरोग्याचा दाखला आणि भरपाई मागताना शवविच्छेदनाचा अहवाल पशुवैद्याचाच लागतो. वैद्यच नाही तेथे विमा कागदावरच राहणार.

राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 मध्येच दर 5,000 पशुघटकांमागे एक पशुवैद्य असावा, अशी शिफारस केली होती. प्रत्यक्षात महाराष्ट्रात श्रेणी दोनच्या दवाखान्यांचा कारभार दीर्घकाळ पदवीधर वैद्याऐवजी पशुधन पर्यवेक्षकावर सोपविण्यात आला. आता 1962 या क्रमांकावर बोलावता येणाऱ्या फिरत्या पथकांचा गाजावाजा होतो. केंद्राच्या योजनेत त्यांचे प्रमाण एक लाख जनावरांमागे एक वाहन असे आहे. असे वाहन दवाखान्याला पूरक ठरेल. त्याची जागा ते कशी घेणार?

साथीचा रोग मालकाची ऐपत पाहून गोठ्यात शिरत नाही. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे 2011 मध्ये जाहीर झाले. ते प्रत्येक शेतकऱ्याने आपापली पुंजी साठविल्यामुळे झाले नाही. सरकारांनी गावोगाव लस टोचली म्हणून झाले. राज्यघटनेने पशुरोगांचा प्रतिबंध आणि पशुवैद्यक हे विषय राज्यसूचीत घातले आहेत. जबाबदारी कोणाची, याविषयी संदेहाला जागा नाही.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला याच मुलखातील क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव दिलेले आहे. सार्वजनिक पैशातून शिकलेले पदवीधर वाड्यावस्त्यांवरील दवाखान्यांत नेमले जात नसतील, तर त्या नावाचा मान कसा राहणार?

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ग्रामसभेत न्यावा. आपल्या दवाखान्यात मंजूर पदे किती, भरलेली किती? आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी कोणत्या दिवशी टोचली जाणार? औषधांचा साठा फलकावर का लिहिला जात नाही? या प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत आणि ती घेऊन जिल्हा परिषदेवर जावे. शेळीवाल्या मजुराला काटकसरीचे धडे नकोत. हाकेच्या अंतरावर सरकारी पशुवैद्य हवा.