खानदेशात बंदर कशाला?

खानदेशात समुद्र नाही, ही गोष्ट मला ठाऊक आहे. गेल्या दोन वर्षांत ती मला इतक्या सज्जनांनी आणि इतक्या कळवळ्याने सांगितली आहे, की ऐकणाऱ्याला वाटावे हा मास्तर भूगोलात नापास झालेला असावा. भूगोलात मी नापास झालो नव्हतो. मॅट्रिकला इंग्रजीत काठावर निघालो, पुढे चित्रकलेची पदविका घेऊन मास्तर झालो, एवढेच माझे शिक्षण. त्या भांडवलावर तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि धुळे-अमळनेर बाजूच्या ज्या शाळेत मी शिकवतो, तिच्या मागच्या पडीक खोलीत बारा फूट लांब व चार फूट रुंद फळ्यांवर मुलांना हाताशी घेऊन एक बंदर बांधले. कादंबऱ्यांविषयी कोणी तक्रार केली नाही. त्या फारशा कोणी वाचल्या नाहीत, हे त्याचे कारण. बंदर मात्र सर्वांना खुपते.

बंदर म्हणजे काय, तर छोटी रेल्वे आहे. तीन रूळ यार्डातून येतात, दोन सांधे ओलांडून धक्क्यावर पसरतात. धक्क्याला लागून कापसाची वखार, तिच्यापुढे दोऱ्याच्या रिळांच्या कप्प्या लावलेली क्रेन, आणि पाण्यात एक मालवाहू जहाज. जहाज अर्धेच आहे. सव्वाशे मीटरचे जहाज आमच्या मापाने, म्हणजे मूळच्या सत्याऐंशीव्या हिश्शाने, सुमारे एकशे चव्वेचाळीस सेंटिमीटर भरते. तेवढी जागा कोठून आणणार? म्हणून नाळेकडचा भाग तेवढा बांधला, उरलेला भिंतीपलीकडे आहे असे समजायचे. पाहणारे बिनबोभाट समजतात. समजत नाहीत ती मोठी माणसे.

त्यांचा पहिला आक्षेप असा, की आपल्या मुलांना बंदर दाखवून काय उपयोग. भुसावळचे जंक्शन बांधा, केळीच्या वाघिणी दाखवा, आपल्या मातीतले काही करा. हा आक्षेप ऐकायला गोड आहे. पण ज्यांना तो सुचतो त्यांनी आपल्या मातीतल्या रुळांकडे कधी नीट पाहिलेले नाही. हे रूळ जातात कोठे? देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला गेली, ती निघाली बोरीबंदराहून. बोरीबंदर, मशीदबंदर, वाडीबंदर ही आमच्या रेल्वेची नावे आहेत, आणि त्या प्रत्येक नावात बंदर आहे. पहिली इंजिने आली तीही जहाजातून. पुढच्या दशकात रूळ घाट चढून आमच्या जळगाव-भुसावळापर्यंत आले, ते काही आमच्या लोकांना पंढरपूर घडवावे म्हणून नव्हे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी खानदेश आठवला. चाळीसगावाहून धुळ्याला १९०० साली फाटा आला. त्याच सुमारास तापीकाठाने सुरतेकडची गाडी अमळनेरमार्गे जळगावला मिळाली. एकीकडे मुंबईची गोदी, दुसरीकडे सुरतेची खाडी. आमच्या शेतातला कापूस ज्या दिवशी गाठीत बांधला गेला, त्या दिवशीच तो बंदराचा झाला.

आणि रेल्वेच्याही आधी? १६१५ साली इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेच्या बंदरात उतरला आणि बादशहाला भेटण्यासाठी बऱ्हाणपुराकडे निघाला, तो याच खानदेशातून गेला. तापी कोठे जाते, हे तर पाचवीतल्या मुलालाही विचारता येईल. तेव्हा खानदेशाला समुद्र नाही हे खरे असले, तरी समुद्राला खानदेश होता, हेही तितकेच खरे.

या सगळ्याचा पत्ता मलाही आधी नव्हता, हे कबूल केले पाहिजे. मी बंदर निवडले ते चित्रकाराच्या हावेने: पाणी, जहाज, क्रेन, धूर. बांधायला बसलो आणि मुलांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा मला शिकावे लागले. धक्क्याची भिंत किती उंच? मी म्हणालो, चार बोटे ठेवा. एक पोरगी म्हणाली, "का?" त्या 'का'साठी भरती-ओहोटीचे गणित उघडावे लागले. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाण्याच्या पातळीत चार मीटरांच्या आसपास फरक पडतो. आमच्या मापाने साडेचार सेंटिमीटर. जहाजातून माल उतरवायचा असेल तर जहाज असे दोन पुरुष वर-खाली होऊन चालणार नाही. म्हणून गोदीला दरवाजे असतात, भरतीला उघडायचे, ओहोटीत पाणी आत कोंडून धरायचे. १८८० सालची प्रिन्सेस गोदी, १८८८ सालची व्हिक्टोरिया गोदी, १९१४ सालची अलेक्झांड्रा गोदी, सगळ्यांचे मर्म या दरवाजांत आहे. आम्ही दरवाजे बांधले. पुस्तकात हे सारे होते. पण कोणाला भिंतीची उंची ठरवायची नव्हती, म्हणून ते कोणी वाचले नव्हते.

पाण्याचीही अशीच फजिती. मुलांनी प्लायवूडवर समुद्र रंगवला तो निळा, अगदी कॅलेंडरवरचा. मीही गप्प बसलो. मग चाळीसगावाहून गाडी धरून अकरा मुलांना मुंबईला नेले. गोदीच्या फाटकातून कोणी आत सोडणार नव्हते; तेव्हा भाऊच्या धक्क्यावर उभे राहिलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाला, "सर, हाई ते तापीना पूरनं पानी शे!" परत आल्यावर त्यांनी निळा रंग खरवडून काढला. गेरू, काजळी आणि किंचित हिरवा यांचे मिश्रण लावले आणि वर वॉर्निशचे नऊ हात दिले, एकेक हात वाळू देऊन. घाईने जाड ओतले तर त्याला भेगा जातात, हे एक फळी वाया घालवून कळले होते.

आता विकतच्या वस्तूंकडे येतो. कारण माझे खरे भांडण तेथे आहे.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही बंदराचा एक तुकडा नेला होता. परीक्षकांनी क्रेन पाहिली, हसले, आणि विचारले, "यात विज्ञान काय?" शेजारच्या टेबलावर धरणाचा देखावा होता, थर्माकोलचा, चकचकीत, दिवे लागणारा, दुकानातून खोक्यासकट आणलेला. खोके टेबलाखाली होते. पारितोषिक त्याला मिळाले. त्या मुलाबद्दल मला राग नाही. त्याच्या बापाने पैसे मोजले, पोराने ते उचलून आणले. राग आहे तो त्याला 'प्रकल्प' म्हणणाऱ्यांचा. गावोगावच्या दुकानांत आता ज्वालामुखी मिळतो, सूर्यमाला मिळते, किल्लाही मिळतो. दिवाळीत अंगणात चिखल तुडवून किल्ला करणारी पोरे तयार किल्ल्यावर चुन्याचे मावळे मांडून मोकळी होतात. मावळे विकत आणायला माझी हरकत नाही, आम्हीही आणत होतो, पण किल्ला?

कोणी म्हणेल, तुम्हाला परवडत नाही म्हणून तुम्ही हाताचे गोडवे गाता. यात थोडे तथ्य आहे. परदेशी छोट्या रेल्वेचा संच घ्यायचा तर माझा पगार जाईल. पण समजा, कोणी तो फुकट दिला. तरी आमचे काम होत नाही, आणि का होत नाही ते अंकांनी सांगतो. या मापाच्या तयार रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. त्याला सत्याऐंशीने गुणा: १४३५ मिलिमीटर आणि वर थोडे, हा झाला युरोपचा मार्ग. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. त्याला सत्याऐंशीने भागले तर एकोणीस आणि पाव मिलिमीटर येतात. फरक पावणेतीन मिलिमीटरांचा. एवढ्याने काय बिघडते, असे मला एका पदवीधराने विचारले. खऱ्या रुळांत तो नऊ इंचांहून जास्त होतो. नऊ इंच चुकलेल्या रुळावर गाडी चालवून दाखवा. तयार संचावर धावते ती गाडी विलायतेची. तिच्यावर 'मध्य रेल्वे' अशी पट्टी चिकटवली, तरी तिची चाल लपत नाही.

म्हणून आमचे रूळ आम्ही केले. पितळी पट्टी उभी धरायची, आइस्क्रीमच्या काड्यांच्या स्लीपरांत ठोकलेल्या पितळी खिळ्यांच्या डोक्यांवर ती कथिलाने डागायची, आणि दर वेळी अंतर मोजायचे. धुळ्याच्या एका लेथवाल्याने चाकांचे आस लांब करून दिले. पैसे घेतले नाहीत, फक्त गाडी चालली की बोलवा म्हणाला. इंजिनात जुन्या टेपरेकॉर्डरची बारा व्होल्टची मोटर आहे. सांधा जमायला चार महिने लागले. वाघीण त्यावरून सतरा वेळा उलटली, आणि अठराव्या वेळी गेली तेव्हा खोलीत जो गोंगाट झाला, त्याबद्दल मला मुख्याध्यापकांच्या खोलीत जावे लागले. ते माफ. (पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, जी २०२० पर्यंत धावत होती, तिचा मार्ग ७६२ मिलिमीटरांचा, तो मात्र तयार मिळणाऱ्या नऊ मिलिमीटरांच्या रुळांवर जवळजवळ नेमका बसतो. पुढेमागे करायचा आहे.)

विकतच्या गाडीशी माझे वैर आहे असे समजू नये. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. ते मी दोनदा पाहिले, आणि दोन्ही वेळा शेजारच्या मुलांपेक्षा माझेच नाक काचेला जास्त चिकटले होते. एका माणसाची हौस एवढे उभे करू शकते. जर्मनीत हॅम्बुर्गच्या जुन्या वखारींत २००१ पासून याच मापाची एक अफाट रेल्वे आहे. तिच्यातल्या समुद्रात खरे पाणी आहे आणि त्याला भरती-ओहोटीही येते. पण हॅम्बुर्गच्या माणसाने बंदर केले ते खिडकीतून दिसणारे. आम्हाला खिडकीतून जिन दिसते, म्हणून आमचे बंदर कापसाचे.

त्या जिनमधली एक गोष्ट सांगतो. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाचा स्फोट झाला आणि निम्मी गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली, हे मी वर्गात सांगत होतो. जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठी होत्या. "दुपारी आग लागली होती तर ती विझवली का नाही?" असे सगळ्यांनी विचारले. एकट्याने विचारले नाही. त्याचा बाप जिनमध्ये गाठी बांधतो. तो म्हणाला, "सर, गाठीतली आग वरून पाणी मारून विझत नाही. ती आत धुमसते. दोन-दोन दिवस." दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या धक्क्यावर वखारीच्या दारापाशी लाल बादल्यांची ओळ टांगली, तुरीच्या दाण्याएवढ्या. मी सांगितले नव्हते. गाठी खऱ्या कापसाच्या आहेत. बोटाच्या पेरापेक्षा लहान, सुताने आवळलेल्या. त्यानेच बांधल्या.

माझ्या शहरी लेखकमित्रांचे म्हणणे याहून सूक्ष्म आहे. ते म्हणतात, तू खानदेशी लेखक. तुझी ताकद केळी, कापूस, अहिराणी. बंदर हा तुझा अनुभव नव्हे. म्हणजे कापूस शेतात असेपर्यंत तो माझा आणि जहाजात चढला की तुमचा! ही वाटणी कोणी केली? व्यापाऱ्यांनी केली असे म्हणावे, तर व्यापाऱ्यांना निदान दोन्ही टोके ठाऊक होती. आम्हाला 'प्रादेशिक' म्हणताना तुम्ही आमच्या हाती विळा ठेवता आणि क्षितिज आपल्या खिशात घालता. मी ते परत मागतो आहे. चार फूट रुंदीचे का होईना.

आता खोलीचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती रिकामी करून द्यावी, असे मला लेखी कळवण्यात आले आहे. तेथे पडदा लागेल, त्यावर चित्रे हलतील. त्यात कदाचित बंदरही दिसेल, आणि ते खात्रीने निळे असेल. मी विनंती केली, की निदान ती दुसऱ्या खोलीत हलवू. मग दार मोजले. खोलीतच बांधलेल्या फळ्या त्या दारातून निघत नाहीत. नेमकी दुसऱ्या सांध्यावर करवत लावावी लागेल. ज्याला चार महिने लागले, त्याच सांध्यावर. शाळेच्या शिपायाने करवत आणूनही ठेवली आहे. तो बिचारा माझ्याशी बोलायचे टाळतो.

करवत चालवण्याआधी समितीच्या सर्व सभासदांनी एकदा येऊन जावे, एवढेच माझे मागणे आहे. येताना टेप आणावी. कोणत्याही मुलाला विचारावे, ही भिंत एवढीच का, हा रूळ एवढाच का, हे पाणी असे का. मी खोलीबाहेर उभा राहीन.

क्रेनचा दोरा अजून अडकतो. सुट्टीत तो नीट करायचे ठरले आहे. वेचणी चालू असल्यामुळे सकाळी कोणाला सवड नाही. चौघेजण दुपारी तीननंतर येतील.