टेबलाखाली कोण बसणार?

पाऊस ओसरला की आपल्या छंदाचा हंगाम उघडतो. चार महिने दमट हवेत फुगलेले प्लायवूड ताळ्यावर येते, रुळांवरचा काळपट थर पुसला जातो, गणपतीच्या आराशीचे सामान माळ्यावर जाते आणि रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात ‘तुमचा तो पसारा’ मांडायला घरातून परवानगी मिळते. या दिवसांत येणाऱ्या वाचकपत्रांचा साचाही ठरलेला. सांगाडा झाला, रूळ अंथरले, इंजिनाने दोन डबे घेऊन एक फेरी मारली. आता वायरिंगपाशी गाडी अडली आहे, कोणती वायर घेऊ, कोणता कंट्रोलर बरा? त्यांची उत्तरे आतल्या पानांवर नेहमीप्रमाणे आहेतच. इथे विचारायचे आहे ते वेगळे : या कामाला जोडीला कोण आहे?

बहुतेकांचे उत्तर ‘कुणी नाही’ असे असते, आणि त्यात थोडी फुशारकीही असते. एकट्याने बांधला, रात्री जागून बांधला. मित्रांना बोलवायचे ते सगळे आटोपल्यावर. डोंगर रंगले, बोगद्याची कमान बसली, फलाटावर हमाल उभे राहिले, की मग चहापोह्यांसह उद्घाटन. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. रंगवलेला घाट पाहायला शेजारीपाजारीही येतील. मित्र हवा तो खडी पसरण्याआधी, टेबलाची खालची बाजू उघडी असताना.

लेआउट हे एका माणसाच्या कसबाचे कामच नव्हे. त्यात सुतारकाम आले, वीजकाम आले, रंगकाम आले, आणि वेळापत्रक लावणाऱ्याची चिकाटीही आली. कर्जतहून लोणावळ्याला चढताना १:३७ चा चढ लागतो हे ज्याला झोपेतही सांगता येते, त्याचा हात सोल्डरिंग आयर्न धरताच कापू लागतो. आणि जन्मभर कारखान्यात पॅनल जोडणाऱ्याला खंडाळ्याच्या कातळाचा रंग काही केल्या साधत नाही. दोघे एका खोलीत आले तर दोघांचेही भागते. दोघे आपापल्या घरी कुढत बसतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहतो आहोत.

याबाबतीत एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा टेक मॉडेल रेलरोड क्लब आठवावा. अमेरिकेत केंब्रिजला १९४६ साली तो निघाला. युद्धकाळात घाईने उभारलेल्या, ‘बिल्डिंग २०’ एवढेच नाव असलेल्या लाकडी इमारतीत त्याचा लेआउट होता. क्लबात सरळ दोन तट होते. एक डबे रंगवणाऱ्यांचा, देखावे उभारणाऱ्यांचा, जुन्या रेल्वेमार्गांचा अभ्यास करणाऱ्यांचा. दुसऱ्याचे नाव ‘सिग्नल्स अँड पॉवर’. त्याचे सगळे जग टेबलाखाली, टेलिफोनच्या यंत्रणेतून आलेल्या रिलेंच्या जंजाळात. त्यातली काही मुले पुढे संगणकाकडे वळली आणि स्टीव्हन लेव्ही यांच्या ‘हॅकर्स’ या १९८४ च्या पुस्तकाची सुरुवातच या मंडळींपासून होते. संगणकवाल्यांना त्याचे कौतुक असणारच. आम्हाला कौतुक आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. विद्यार्थी पदवी घेऊन निघून जात, नवे येत; तरी ते जंजाळ पुढच्या तुकडीला समजत होते, वाढवता येत होते. टेबलाखालचे ज्ञान एकाच्या डोक्यात अडकून राहिले असते, तर दर दोन-चार वर्षांनी सगळे उखडून पुन्हा जोडावे लागले असते.

वायरिंगची परीक्षा आम्ही यावरूनच घेतो. गाडी फिरली यात विशेष काही नाही. दोन वायरी लावल्या की कोणतीही गाडी फिरते. तुम्ही गावाला गेलेले असताना मित्राने टेबलाखाली बसून तुम्हाला फोन न करता बिघाड शोधून काढला, तर वायरिंग जमले म्हणायचे.

ही ‘दोन वायरीं’ची गोष्टही एकदा नीट सांगून टाकू. १९९० च्या दशकात डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, आले. जर्मनीच्या लेन्झ कंपनीची पद्धत पायाला धरून अमेरिकेच्या एनएमआरए या हौशींच्या संघटनेने त्याचे मानक ठरवले. तेव्हापासून ‘आता ब्लॉक नकोत, स्विचांची रांग नको, फक्त दोन वायरी’ असे विक्रेते सांगत आले आहेत. छोट्या गोल मार्गापुरते ते खरे आहे. पण तांब्याच्या १.५ चौरस मिमी वायरचा रोध मीटरमागे सुमारे ०.०११५ ओहम असतो. दहा मीटरच्या बसला, म्हणजे टेबलाखालून जाणाऱ्या मुख्य वायरींच्या जोडीला, जाऊन-येऊन वीस मीटर वायर लागते, म्हणजे ०.२३ ओहम. तीन अँपिअर वाहिले तर सुमारे ०.७ व्होल्ट वाटेत खर्ची पडतात, चालण्यासारखे आहे. त्याच जागी घरात पडलेली घंटीची ०.२ चौरस मिमी वायर ओढली, तर पाच व्होल्टांहून जास्त वाटेतच जातात. इंजीन लांबच्या टोकाला रेंगाळते आणि आपण मोटर उघडून बसतो. खरा धोका त्यापुढे आहे. अशा बारीक वायरीत ढिल्या रेल जॉइनरांचा रोध मिसळला, की रुळावर शॉर्ट होऊनही प्रवाह पुरेसा चढत नाही. बूस्टरला वाटते, गाड्याच धावताहेत. तो बंद पडत नाही, आणि इकडे सांध्यापाशी प्लास्टिकचे स्लीपर मऊ पडू लागतात.

म्हणून नाण्याची चाचणी. एचओच्या १६.५ मिमी रुळांवर रुपयाचे नाणे आरामात आडवे बसते. प्रत्येक तुकड्यावर ते टेकवायचे, बूस्टर तत्क्षणी तुटला पाहिजे. जिथे तुटत नाही तिथे रुळापासून बसपर्यंत आणखी एक फीडर वायर उतरवायची. एक माणूस नाणे घेऊन फिरणारा आणि दुसरा बूस्टरच्या दिव्यावर नजर ठेवणारा असेल, तर हे काम गप्पा मारता मारता होते. एकट्याने करायचे तर खोलीभर येरझारा.

फीडर लावण्याचे कामही जोडीचेच. वरचा माणूस रुळाच्या बाहेरच्या अंगाला राळेचा फ्लक्स लावतो, दोन्ही बाजूंच्या स्लीपरांवर ओला कापूस दाबतो, टोकाला आधीच कथील चढवलेली वायर टेकवून आयर्न लावतो आणि कथील चमकून पसरले की लगेच उचलतो. आपले रूळ निकेल-सिल्व्हरचे, म्हणजे सराफकट्ट्यावरचे जर्मन सिल्व्हरच. चांदी त्यात नावालाही नाही, पण कथील झटकन धरते. वायर भोकातून खाली गेली की खालच्याचे काम सुरू. वरचा मीटरची लाल काडी रुळावर धरतो, खालचा काळी काडी बसच्या जोडावर. ‘टीं’ वाजले की वरून आवाज येतो, ‘बारा, आतला!’ आणि खालचा त्या वायरला चिठ्ठी बांधतो.

‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ असेच म्हणायचे. उताण्या माणसाचे डावे-उजवे उलटे होते, त्यामुळे ‘डावा रूळ’ म्हणण्यात अर्थ नाही. ‘खिडकीकडचा, दाराकडचा’ हेही पहिल्या वळणापर्यंतच टिकते. गोल मार्गावर खिडकीकडचा रूळ पलीकडून दाराकडचा होऊन येतो. आतल्याला एक रंग, बाहेरच्याला दुसरा, आणि लाल संपली म्हणून मध्येच पिवळी जोडायची नाही. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी किंवा लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा एका रंगाचे अख्खे बंडल घ्या. मागाहून आणलेल्या वितीएवढ्या पिवळ्या तुकड्याने किती रविवार खाल्ले आहेत, याच्या कहाण्या या मासिकाच्या फायलींत भरपूर आहेत.

आणि हो, टेबलाखाली बसणाऱ्याला चष्मा द्या. वितळलेले कथील खालीच पडते.

उलट वळशाचा, म्हणजे रिव्हर्स लूपचा, घोळ तर जोडीदाराशिवाय लवकर सापडतच नाही. गाडी वळसा घेऊन आल्या वाटेने परत जाते, हे डोळ्यांना गोड दिसते. पण तिथे एका बाजूचा रूळ फिरून दुसऱ्या बाजूच्या रुळाला भेटतो आणि वीज लावताच शॉर्ट. दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडून मधला तुकडा स्वतंत्र करावा लागतो, तो आपल्या सर्वांत लांब गाडीहून लांब ठेवावा लागतो आणि त्याला ऑटो-रिव्हर्सर लावावा लागतो. मार्गाचा आराखडा ज्याने काढला त्याला हा वळसा दिसत नाही, कारण त्याच्या मनात गाडी धावत असते. आराखडा पहिल्यांदा पाहणारा मित्र दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन दोन रूळ गिरवतो आणि पाच मिनिटांत विचारतो, ‘अरे, इथे लाल निळ्याला कसा भेटला?’ असा मित्र रूळ ठोकण्याआधी हवा की नंतर, ते आपले आपण ठरवावे.

मित्र कोणते बोलवावेत, यावर मात्र आमची मते जरा कडक आहेत. ‘जाऊ दे रे, चालतंय ना’ म्हणणारा मित्र मनाने मोठा असतो. त्याला झाडे लावायला द्यावे. प्रत्येक जोडाला ओढून पाहणारा, चिठ्ठी बांधल्याशिवाय पुढे न सरकणारा कटकट्या माणूस टेबलाखाली बसवावा. ज्याला सगळेच आपल्या पद्धतीने करायचे असते त्याला एकदाच बोलवावे. रंगांची यादी, बसची वायर, जोडांची पद्धत हे मालकाने कामाआधी कागदावर लिहून भिंतीला चिकटवावे, आणि ठरलेले त्या दिवशी बदलू नये; सुधारणा सुचली तर ती वहीत जावी. तीन हुशार माणसांनी एका दुपारी तीन पद्धतींनी जोडलेले यार्ड पाहण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना हे जाचक वाटणार नाही. आणि मदतीला आलेल्याच्या हाती निदान शेवटचा अर्धा तास कंट्रोलर द्यावा. दिवसभर त्याला उताणे ठेवून संध्याकाळी स्वतःच गाड्या फिरवत बसणारे महाभाग आपल्यात आहेत.

मोठ्या लेआउटला घरात जागा नाही, ही तक्रार खरीच आहे. पण तीही जोडीने काम करण्याच्याच बाजूने जाते. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात एन स्केलवाल्यांनी एनट्रॅकची पद्धत बसवली. स्केल १:१६०, गेज ९ मिमी, प्रत्येकाचा तुकडा दोन फूट रुंद आणि चार फूट लांब, टोकाशी तीन मार्ग ठरल्या जागी आणि ठरल्या जातीचे कनेक्टर. मधल्या जागेत कुणी शेत करावे, कुणी कारखाना. तुकडे एका सभागृहात आणून जोडले की कुणाच्याही घरात न मावणारी लांब मालगाडी धावते. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या चौघांनी असे चार तुकडे केले तर कुणाच्याही पलंगाखाली मावतील. मात्र मोजमापे आधी ठरली पाहिजेत, आणि त्यासाठी वाद घालायला एकत्र बसले पाहिजे. वादाचा पहिला विषय आम्हीच देतो. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिमी एचओच्या ८७ ने भागले तर १९.२६ येतात, आणि आपण सगळे निमूट १६.५ वर डबे चालवतो. शुद्धतावाद्यांनी स्वतःचे रूळ ओढावेत; चार तुकडे जुळवायचे असतील तर १६.५ ला पर्याय नाही.

इंग्लंडमधले पाद्री पीटर डेनी यांचा ‘बकिंगहॅम’ हा लेआउट जुन्या वाचकांच्या परिचयाचा आहे. १९४० च्या दशकात सुरू केलेला हा मार्ग ते खऱ्या रेल्वेसारखा, घंटांच्या इशाऱ्यांवर, दुसऱ्या माणसाच्या जोडीने चालवत. दुसऱ्या टोकाला मुलगा क्रिस्पिन असे. तो नसेल तेव्हा काय, म्हणून डेनींनी त्याच्या वाट्याचे काम करणारे एक यंत्रच बांधले आणि त्याचे नाव ठेवले ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. डेनी आता नाहीत. लेआउट दुसऱ्या एका हौशी माणसाने आपल्या घरी नेला आणि तो आजही चालतो आहे. आपल्याकडे मालक गेला की मुले प्लायवूड रद्दीवाल्याला देतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खाली वाकून पाहिले तर दिसतो फक्त एकाच रंगाच्या वायरींचा गुंता, कुठेच चिठ्ठी नाही, कागद नाही.

कोथरूडला भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झाले आणि आपल्यातल्या अनेकांना या छंदाची बाधा तिथेच झाली. तिथे मुले गाड्यांकडे पाहत असतात, आणि एखादा चाळिशीचा गृहस्थ गुडघे वाकवून खाली काय आहे ते दिसते का, हे बघत असतो. तो आपला वाचक.

त्याच्यासाठी पुढच्या अंकापासून एक सदर सुरू करतो आहोत. घाट, पूल, स्टेशने यांचे फोटो आम्ही भरपूर छापले आणि यापुढेही छापू. या सदरासाठी मात्र टेबलाच्या खालच्या बाजूचा फोटो आणि वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा पाठवायचा आहे. नकाशा मालकाने काढलेला चालणार नाही. मदतीला आलेल्या मित्राने, मालकाला न विचारता, खाली बसून काढलेला हवा. जिथे त्याला उलगडा झाला नाही तिथे त्याने प्रश्नचिन्ह टाकावे. ती प्रश्नचिन्हे आम्ही तशीच छापणार आहोत.